चेन कशाने उघडावी?

सायकलची चेन दुकानातून आणतो तेव्हा तिला दोन टोके असतात. सायकलवर चढली की ती टोके एकमेकांत मिसळून जातात आणि पुढची दोनतीन वर्षे त्यांची कुणाला आठवणही होत नाही. आठवण होते ती चेन काढायची वेळ आल्यावर. चेन झिजलेली असते, गंजलेली असते, किंवा एखादी कडी आखडून बसलेली असते. मिस्त्री पायडल उलटे फिरवतो, चेन बोटांखालून जाऊ देतो आणि काहीतरी शोधत राहतो. तो काय शोधतो आणि ते सापडल्यावर कोणते हत्यार उचलतो, एवढाच या लेखाचा विषय आहे.

विषय लहान आहे, हे कबूल. पण आपल्या वस्त्यांमधल्या धंद्यांची यादी करायला बसलो तर अत्तार, बागवान, मणियार, पिंजारी, शिकलगार यांच्या पाठोपाठ सायकल मिस्त्री येतोच. बाकीच्यांना निदान जमातीचे नाव तरी मिळाले. सायकल मिस्त्री ही काही जात झाली नाही, आणि त्याच्या हुनराची नोंद कुठल्या गॅझेटिअरने घेतली नाही. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली संसदेत आला तेव्हा कळले की देशातल्या मुस्लिम कामगारांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वतःच्या हिमतीवर, म्हणजे पगाराविना, पोट भरतात. त्या आकड्यात रस्त्याच्या कडेला हवेचा पंप आणि पाण्याची घमेली घेऊन बसणारे लोकही मोजले गेले आहेत. तेव्हा त्यांच्या हत्याराचा इतिहास आपण नाही सांगायचा तर कुणी?

आधी एक गोष्ट बाजूला काढून ठेवतो. प्रत्येक शोध खेचून कुणातरी मुसलमान शास्त्रज्ञाच्या नावावर लावायची आपल्याकडे एक खोड आहे. अल्-जझरी हा दियारबकीरच्या अर्तुकी दरबारातला थोर कारागीर. १२०६ साली त्याने यंत्रांवर जो ग्रंथ पूर्ण केला त्यात पाणी उपसण्यासाठी मडक्यांची अखंड माळ फिरवणारी यंत्रे आहेत. बाबराने आपल्या आत्मचरित्रात लाहोर, सरहिंदकडच्या रहाटाचे वर्णन केले आहे, तोही त्याच घराण्यातला. चीनमध्ये सू सोंगने अकराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मोठ्या घड्याळात साखळीने चाक फिरवले होते. लिओनार्दोच्या वह्यांत साखळ्यांची रेखाटने आहेत. ही सगळी नाती दूरची आहेत. सायकलची चेन यांच्यापैकी कुणी केली नाही. तिचा जन्म सूतगिरणीच्या गावी झाला, आणि त्या गावाशी आपले नाते अगदी वेगळ्या तऱ्हेचे आहे.

ते गाव मँचेस्टर. त्याला लागून असलेल्या सॅलफर्डमध्ये जेम्स स्लेटर नावाच्या माणसाचा कापडयंत्रांना लागणाऱ्या साखळ्या बनवण्याचा छोटा कारखाना होता. १८७९ साली तो हान्स रेनॉल्ड या स्विस तरुणाने विकत घेतला. जुन्या साखळ्यांत एक खोट होती. चक्राचा दाता थेट बारीक पिनेवर घासायचा आणि पिन लवकर झिजायची. रेनॉल्डने पिनेभोवती एक नळी घातली, तिला बुश म्हणतात, आणि बुशवर एक मोकळा फिरणारा रोलर चढवला. आता दाता रोलरवर टेकू लागला, रोलर फिरू लागला, आणि भार पिनेच्या पूर्ण लांबीवर पसरला. १८८० साली त्याने याचे पेटंट घेतले. आज आपल्या सायकलला जी चेन आहे ती मुळात हीच.

मँचेस्टरच्या कापडाने हिंदुस्थानच्या हातमागांचे काय केले हे मालेगाव, भिवंडीच्या वाचकांना सांगायची गरज नाही. उत्तरेतले मोमीन विणकर १८५७ नंतरच्या दशकांत बिऱ्हाड पाठीवर टाकून खानदेशाच्या वाटेने आले ते काही हौसेने आले नाहीत. ज्या यंत्रांनी त्यांचा माग मोडला त्याच यंत्रांसाठी घडवलेल्या साखळीची ही लेक, आणि पुढे त्याच गावांत मागावर जाणाऱ्या माणसांच्या पायाखाली ती फिरली. इतिहासात अशा वळणांना तोटा नसतो.

चेन तयार झाली तेव्हा सायकल तिची वाटच पाहत होती. १८७९ साली हेन्री लॉसनने मागचे चाक चेनने फिरवणारी सायकल काढली, पण ती खपली नाही. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली आणि उंच चाकाच्या धोकादायक सायकलीचे दिवस भरले. इथून पुढे आपल्या प्रश्नाला सुरुवात होते, कारण कापडयंत्राची साखळी कारखान्यात उघडली जाते आणि सायकलची चेन रस्त्यात उघडावी लागते.

माझे म्हणणे असे आहे की चेन कशाने उघडायची हे मिस्त्री कधीच ठरवत नाही. ती बंद कशी केली आहे यावर ते ठरते, आणि बंद करण्याची रीत कारखान्याच्या हातात असते. ही रीत गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत चार वेळा पालटली. दर वेळी मिस्त्रीच्या पेटीतले एक हत्यार आत आले किंवा बाहेर गेले.

पहिल्या चेनी एक इंची कड्यांच्या, जाडजूड. त्यांची टोके जोडायला बारीक बोल्ट आणि नट असे. त्यामुळे हत्यार म्हणजे पाना. घरात पाना असेल तर कुणीही चेन उघडावी. पुढे कडी अर्ध्या इंचाची झाली, चेन हलकी आणि लवचिक झाली, आणि बोल्टाचे डोके ठेवायला जागाच उरली नाही. मग आले ते आपले लॉक.

लॉक हा शब्द आपल्या मिस्त्रींनी दिलेला आहे आणि तो फार नेमका आहे. त्याचे तीन तुकडे असतात. एका पट्टीत रुतवलेल्या दोन पिना, वरून बसणारी दुसरी मोकळी पट्टी, आणि पिनांच्या खाचांत सरकणारी माशाच्या आकाराची स्प्रिंगची पत्ती. मिस्त्री चेन बोटाखालून फिरवतो तो या पत्तीच्या शोधात. सापडली की स्क्रू ड्रायव्हरचे टोक पत्तीच्या फटीत लावून किंवा पक्कडीने एक दाब दिला की ती सुटते. कसलीही ठोकाठोक नाही. मात्र पत्ती उडून गटारात जाऊ नये म्हणून दुसऱ्या हाताचा अंगठा वर धरलेला असतो. हे पाहून शिकायचे, पुस्तकात मिळत नाही. बसवताना एक कायदा आहे: पत्तीचे बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते तिकडे, उघडी शेपटी मागे. उलटे बसवले तर कशाला तरी घासून पत्ती निघून जाण्याचा धोका असतो. शागिर्दाला पहिल्या आठवड्यात शिकवली जाणारी ही गोष्ट, आणि चुकला तर टपलीही मिळायची.

लॉक हरवले किंवा चेन कापून आखूड करायची असेल तर पिनेला हात घालावा लागतो. इथे मिस्त्रीचे दुसरे हत्यार येते, हातोडी आणि पंच. खाली ऐरणीच्या जागी एखादा मोठा नट ठेवायचा, पिन बरोबर त्याच्या भोकावर येईल अशी चेन मांडायची आणि पंचावर बेताचा ठोका द्यायचा. शिकल्यासवरल्या लोकांना हे रानटी वाटते. वास्तविक एका गिअरच्या साध्या सायकलीची चेन बाहेरून पाहिली तर कळेल की तिच्या पट्ट्या जाड असतात, पिन ठसठशीत असते, आतली फट एक अष्टमांश इंचाची. ठोका सोसायची ताकद तिच्यात आहे. सरावाचा मिस्त्री पिन पूर्ण बाहेर काढतच नाही. ती मागच्या पट्टीत जेमतेम अडकलेली ठेवतो, कारण एकदा बाहेर पडलेली पिन परत सरळ बसवणे फार किचकट. पुन्हा जोडून झाले की कडी आखडते. तेव्हा तो चेन दोन्ही हातांत धरून आडवी थोडी मुरगळतो, पट्ट्यांत केसभर फट पडते आणि कडी मोकळी होते. हातोडी त्या चेनचे योग्य हत्यार होते, एवढे तरी नोंदवून ठेवले पाहिजे.

दाबाने पिन सरकवणारे हत्यार, ज्याला आज आपण चेन कटर म्हणतो, तेही नवे नाही. एका खोबणीत चेन बसवायची, समोरून आट्यांचा दांडा फिरवायचा, दांड्याच्या टोकाची बारीक सुई पिनेला ढकलते. हातोडीत जे झटक्याने होते ते इथे सावकाश होते, आणि पाहिजे तिथे थांबता येते. ‘कटर’ हे नाव मात्र चुकीचे पडले. ते काही कापत नाही.

आपल्याकडे सायकल पहिल्यांदा विलायतेतून आली, रॅले, हंबर, बीएसए अशा नावांनी. स्वातंत्र्याच्या आगेमागे इथे कारखाने उभे राहिले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला १९५१ साली अ‍ॅटलस, मद्रासला मुरुगप्पांची टीआय. लुधियानात १९५६ साली मुंजाल बंधूंनी हीरो काढली. या नावाची हकीकत आपल्या वाचकांनी जरूर लक्षात ठेवावी. कंपनीच्या इतिहासात असे सांगितले जाते की करीम दीन नावाचा एक कारागीर सायकलच्या गाद्या बनवून ‘हीरो’ नावाने विकत असे. फाळणीत तो पाकिस्तानात निघाला तेव्हा ओमप्रकाश मुंजाल यांनी ते नाव वापरू का म्हणून विचारले आणि त्याने होकार दिला. मुंजाल स्वतः पाकिस्तानात गेलेल्या कमालियाचे. एक घर इकडे येत होते, एक तिकडे जात होते, आणि मध्ये एक नाव मागे राहिले. १९८६ साली हीरो जगातली सर्वांत मोठी सायकल कंपनी म्हणून गिनीज बुकात गेली.

या सगळ्या कारखान्यांनी जवळपास एकाच घडणीची सायकल बनवली. काळी, जड, एका गिअरची, लॉकच्या चेनची. देशाने १९५०च्या दशकात इंच सोडून मेट्रिक मापे घेतली, तरी चेनची कडी अर्ध्या इंचाचीच राहिली. जपानच्या शिमानोने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात दहा मिलिमीटरच्या कडीची चेन काढून पाहिली होती, तिचाही निभाव लागला नाही. आमच्या मिस्त्रींना याचा मोठा फायदा झाला. सोलापूरची चेन सांगलीत चालायची, अ‍ॅटलसची हीरोला बसायची. एक पक्कड, एक पंच, एक हातोडी यांवर माणूस चाळीस वर्षे धंदा करू शकला, मुली उजवू शकला, एखादा मुलगा शिक्षक करू शकला. तासावर भाड्याने सायकली देणारी दुकाने होती, नगरपालिकेचा पितळी बिल्ला होता. हिंद आणि सेन-रॅले १९८० साली कायदा करून सरकारने ताब्यात घेतल्या, पण गल्लीतल्या दुकानावर त्याचा परिणाम झाला नाही. चेन तीच होती.

ही चेन बदलली ती युरोप आणि जपानमध्ये. १९८०च्या सुमारास फ्रान्सच्या सेडिस कंपनीने रेनॉल्डचा बुशच काढून टाकला. आतल्या पट्टीलाच छोटा काठ वळवून त्यावर रोलर बसवला. चेन स्वस्त झाली, आडवी अधिक वाकू लागली. मग मागच्या चाकावर चक्रे वाढत गेली. पाच होती ती सात झाली, आठ झाली, पुढे अकरा, बारा. जागा तेवढीच, तेव्हा चेनलाच अरुंद व्हावे लागले. आठ चक्रांची चेन पिनेच्या टोकापासून टोकापर्यंत साधारण सात मिलिमीटर असते, बारा चक्रांची सव्वापाचच्या आसपास. पिन बाहेर डोकावायला जागा राहिली नाही. पट्टीतून पिन सुटू नये म्हणून कारखान्यात तिची टोके चेपून फुलवू लागले, छत्रीसारखी. आणि इथे मिस्त्रीचा पंच कामातून गेला.

कसा ते नीट पाहू. फुलवलेली पिन ढकलली की तिचे फुललेले टोक पट्टीच्या भोकातून ओरबाडत जाते. भोक मोठे होते, टोक तुटते. तीच पिन परत ढकलून बसवली तर वरून सगळे ठीक दिसते, पण तिची पकड गेलेली असते. चढावर, गिअर बदलताना, पूर्ण जोर पायडलवर असताना अशी कडी उघडते. सायकलस्वार पुढे हँडलवर आपटतो, दात जातात, कधी त्याहून वाईट होते. शिमानोने यासाठी एकदाच वापरायची वेगळी जोडपिन दिली. कॅम्पान्योलोने २००८ साली अकरा चक्रांची चेन आणली तेव्हा पिन बसवल्यावर तिचे टोक पुन्हा चेपणारे खास हत्यार लागू लागले. बाकीच्या बऱ्याच कंपन्यांनी हाताने जुळणाऱ्या दोन अर्ध्या कड्या दिल्या, ज्यांना क्विक लिंक म्हणतात. त्यांच्यासाठी वेगळी पक्कड निघाली. ही पक्कड उलटे काम करते असे वाटते: उघडायला दोन रोलर जवळ दाबायचे, बंद करायला लांब फाकायचे.

म्हणजे मिस्त्री जे चाळीस वर्षे बरोबर करत होता तेच एका सकाळी चूक ठरले, आणि हे त्याला सांगायला कुणी आले नाही. मोठ्या शोरूममधल्या पोरांना कंपनी प्रशिक्षण देते. ईदगाह मैदानाच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या चाचांना कोण बोलावणार? ‘गेअरवाली सायकल इथे नको’ अशी पाटी मी दोन गावांत पाहिली आहे. ती वाचून लोक हसतात. मला त्या पाटीत प्रामाणिकपणा दिसतो. ज्याला चेन नीट जोडता येत नाही आणि तरीही जोडून देतो, तो खरा धोकादायक. पण पाटी लावणाऱ्याच्या हातून गिऱ्हाईक जाते हेही खरे. आता शाळेत जाणारी पोरेही गिअरची सायकल मागतात. जुनी सायकल वापरणारा एकतर मोटारसायकलवर गेला किंवा कबरस्तानात. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला.

म्हणून ज्यांच्या घरात अजून हा धंदा आहे, किंवा ज्यांना स्वतःची चेन स्वतः काढायची आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी लिहितो. अंगात कसब असतेच, प्रश्न हत्याराचा असतो.

सर्वांत आधी चेन खरोखर काढायची आहे का हे फूटपट्टीने पाहावे. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरले तर बरोबर बारा इंचांवर चोविसाव्या कडीच्या पिनेचा मध्य यायला हवा. तो एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदलावी. एक अष्टमांश पुढे गेला तर बहुधा चक्राचे दातेही खाल्ले गेलेले असतात, नवी चेन त्यांवर उड्या मारेल. लोक म्हणतात चेन ताणली गेली. पोलादी पट्टी पायाच्या जोराने ताणली जात नाही. पिन आणि बुश झिजून प्रत्येक कडीत फट वाढते, शंभराहून जास्त फटींची बेरीज म्हणजे ती लांबी. नुसती मळलेली चेन सायकलवरच पुसून, तेल देऊन चालते.

साध्या सायकलला लॉक असते, तिच्यासाठी पक्कड पुरे. दोन लॉक जास्तीची ठेवावीत, मिळतात फार स्वस्तात. गिअरची चेन असेल तर चेन कटरला पर्याय नाही. घेताना दोन गोष्टी बघाव्यात. सुई बदलता येते का, कारण मोडते ती सुई आणि ती वेगळी मिळत नसेल तर सगळे हत्यार भंगारात. आणि चेन जिथे बसते ती खोबणी आपल्या चेनच्या रुंदीची आहे का, मागची भिंत पट्टीला नीट टेकते का. सातआठ चक्रांसाठी बनवलेल्या रुंद खोबणीत अकराची चेन हलते, सुई तिरकी जाते आणि पट्टी वाकते. दांडा फिरवण्याआधी सुई पिनेच्या मध्यावर आहे हे डोळा लावून पाहावे. पहिल्या अर्ध्या आट्याला जोर लागतो, मग ‘कट्’ असा बारीक आवाज येतो आणि दांडा हलका होतो. जोर लागतच राहिला तर थांबावे, सुई पट्टीवर टेकली आहे.

आठपेक्षा जास्त चक्रांच्या चेनवर काढलेली पिन परत बसवू नये. क्विक लिंक त्याच मापाची घ्यावी, आठची आठला, दहाची दहाला. दहा आणि त्यापुढच्या कित्येक लिंक एकदा उघडल्या की टाकून द्यायच्या असे कंपन्या सांगतात. खर्चिक आहे, पण तोंडावर पडण्यापेक्षा स्वस्त. या लिंकची पक्कड जवळ नसेल तर जुन्या ब्रेकच्या तारेचा तुकडा लिंकच्या दोन रोलरांभोवती वेढून आवळला की रोलर जवळ येतात आणि लिंक सुटते. बंद करायला तर काहीच लागत नाही. जोडलेली लिंक वरच्या बाजूला आणायची, मागचा ब्रेक घट्ट धरायचा आणि पायडलवर उभे राहायचे.

आणखी एक वस्तू लागते. चेन उघडताना तिची दोन टोके एकमेकांपासून दूर पळतात, आणि एका हाताने ती धरून दुसऱ्याने काम होत नाही. त्यासाठी मिस्त्री मोडक्या स्पोकचा चारेक इंचाचा तुकडा घेतो, दोन्ही टोके पक्कडीने वळवतो आणि तो आकडा चेनच्या दोन बाजूंत अडकवून ठेवतो. हल्ली काही परदेशी हत्यारांबरोबर असाच तारेचा आकडा येतो. आपल्याकडे तो दुकानाच्या फळीला ठोकलेल्या खिळ्यावर लटकत असतो.